जांभळीचे बावीस मैल

१

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी लायल ब्रॅडॉकने अशी काही आरोळी ठोकली, की हॅडलिन गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या रिंकचं छप्पर कोसळलं. उरलेल्या निम्म्यांना वाटलं, ते लायलच्या डोक्यावरच कोसळलं. आणि त्यांनी हातातला पॅनकेक शांतपणे संपवला.

फ्रीडा टेव्ज मात्र हातातली किटली ठेवून धावली. एकाहत्तर वर्षांची बाई, पण चौतीस वर्षं सस्कॅचेवान प्रांतातल्या खडीच्या रस्त्यांवर टपाल वाटलेलं. पायात अजून जोर होता. शिवाय ती जुन्या गाड्यांच्या मंडळाची सचिव. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी अध्यक्षच किंचाळायला लागल्यावर सचिवाने धावायचं नाही तर कुणी?

रिंकमध्ये, बर्फ वितळलेल्या कोरड्या फरशीवर, साखळीच्या कुंपणात जांभळी उभी होती. एकावन्न सालची मोनार्क गाडी. ओरेस्ट हावरिलुकने साठच्या दशकात स्वतःच्या गोठ्यात तिचा टप चार इंच कापून खाली बसवला होता, दारांच्या मुठी काढून टाकल्या होत्या, पोट जमिनीला टेकेल इतकी तिला खाली आणली होती आणि पिकल्या जांभळाचा रंग दिला होता. पश्चिमेकडच्या चार प्रांतांत तिच्यासारखी दुसरी नव्हती. आता ती लायलची होती; तो तिला ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला आणायचा आणि मेकअपच्या ब्रशने पुसायचा.

"अरे, आहे की जागेवर!" फ्रीडा धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं, गेली."

"गेली होती!" लायल ओरडला. शेतीची अवजारं विकणारा, गुबगुबीत, मिशांना मेण लावणारा माणूस. आत्ता त्या मिशासुद्धा थरथरत होत्या. "गेली होती आणि परत आली! नाकाकडे बघ तिच्या!"

फ्रीडाने बघितलं. जांभळीच्या चकचकीत जाळीवर चाळीस-पन्नास टोळ चिरडून चिकटले होते. काहींचे पाय अजून हलत होते. चाकांवर पांढुरकी धूळ होती.

लायलने खिशातून एक वही काढली. "काल संध्याकाळी मी मैलांचा आकडा लिहिला. एकसष्ट हजार चारशे सात. आता आत वाकून बघ."

फ्रीडा वाकली. एकसष्ट हजार चारशे एकोणतीस.

"बावीस मैल!" लायलचा आवाज फाटला. "माझी गाडी कुणीतरी बावीस मैल *वापरली*!"

२

पोलीस बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. हद्दीतला एकुलता एक हवालदार हमरस्त्यावर बसलेल्या गायी उठवायला गेला होता. म्हणून लायलने हुकूम सोडला, "फ्रीडा, तू शोध. गावातल्या प्रत्येकाची पत्रं तू पाकिटावरून ओळखायचीस. दुपारी बारा वाजता कमिटी बसेल. जो सापडेल तो मंडळातून कायमचा बाद."

"बाराच का?"

"बाराला ओझेसाहेबांबरोबर करारावर सही आहे. उद्या जांभळी संग्रहालयात जाणार, पूर्वेकडे. काचेच्या दालनात. त्यांना ती अस्पर्श हवी आहे. आणि हिच्या तोंडात टोळ!"

संग्रहालयाचा फिलेमाँ ओझे मागेच उभा होता. नाव ओझे, पण अंगाने पिसासारखा. पाच फुटांवर दोन बोटं. त्याने चष्मा सरळ केला आणि टोळांकडे असं पाहिलं, जणू तेही प्रदर्शनात मांडायचे आहेत.

"यात शोधायचं काय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "डेल्मर क्विन!"

सगळ्यांच्या माना डेल्मरकडे वळल्या. सव्वासहा फूट उंच, पिंपासारखं पोट. त्याचा अठ्ठावन्न सालचा फार्गो ट्रक, उघड्या इंजिनाचा, प्रदर्शनाच्या बक्षिसांत सलग नऊ वर्षं जांभळीच्या मागे दुसरा येत होता. हिवाळ्यात रिंकचा बर्फ तोच बनवायचा, म्हणजे मागच्या मोठ्या दाराची किल्ली त्याच्याकडे. सात ते नऊ सगळं गाव शेजारच्या सभागृहात पॅनकेक खात होतं. प्रदर्शनाला येणाऱ्या गाड्यांचा बाहेर इतका गडगडाट चालला होता, की त्यात आणखी एक इंजिन कोण ऐकणार?

"मी?" डेल्मर म्हणाला. "मी न्याहारी करत होतो. हे बघा." त्याने शर्टाची उजवी बाही दाखवली. तिच्यावर पिवळे डाग होते. "मस्टर्ड सांडलं."

फ्रीडाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती गाडीच्या खिडकीतून डोकावत होती. मोनार्कची पुढची सीट म्हणजे एकच लांब बाक. तो पुढे सरकला की अख्खा सरकतो. आणि तो पार टोकापर्यंत पुढे ओढलेला होता.

"लायल, ही सीट तू सरकवलीस?"

"मी? मी आत बसतसुद्धा नाही!"

"मग डेल्मर नाही," फ्रीडा म्हणाली. "या सीटवर तो स्टीअरिंगमागे बसला तर पोट मागच्या खिडकीतून बाहेर काढावं लागेल. चालवणारा बुटका होता."

डेल्मरने सुस्कारा सोडला. आणि गर्दीतून एक बाई हळूच म्हणाली, "बुटकी... म्हणजे हाल्यासारखी?"

३

हाल्या हावरिलुक सभागृहाच्या स्वयंपाकघरात उभी होती. ओरेस्टची एकुलती एक मुलगी. वय चोपन्न, उंची जेमतेम पाच फूट, हातात उलथनं.

"मिसेस टेव्ज, मला माहितीये तुम्ही का आलात," ती म्हणाली. "सकाळी सहापासून या तव्यापुढे उभी आहे. तीनशे बारा पॅनकेक उलटलेत. प्रत्येकाने माझ्याच हातून घेतलाय. लायलने दोन वेळा. त्याला विचारा, मी गाडी चालवत चालवत वाढत होते का?"

"तुझ्या मनात कधी यायचं का गं, ती परत मिळावी?"

हाल्याने उलथनं खाली ठेवलं. "माझ्यामुळेच ती विकली गेली. मी जन्मले आणि पाळणा मागच्या सीटवर मावेना. आई म्हणाली, एक तर पोर नाही तर गाडी. तातोने तीन दिवस विचार केला म्हणे." ती हसली, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या तातोकडे, आपल्या बापाकडे गेली.

वृद्धाश्रमाच्या मंडळींच्या टेबलापाशी ओरेस्ट हावरिलुक पेंगत होता. एकोणनव्वद वर्षांचा, वाळलेल्या शेंगेएवढा. बाहेर जुलैचं ऊन रटरटत होतं, तरी त्याच्या अंगात लोकरी कोट आणि गुडघ्यांवर घोंगडी. शेजारी चाकांचा वॉकर.

"परवा मला विचारत होते, तुझी आई कुठंय," हाल्या म्हणाली. "आईला जाऊन बारा वर्षं झाली. पण एक सांगू का, मिसेस टेव्ज? ज्याने नेली त्याने ती सुरू कशी केली? तातोने तिला कसलीतरी छुपी कळ बसवली होती. आईलासुद्धा सांगितली नव्हती."

फ्रीडा थबकली. मग ती उलट पावली रिंकमध्ये गेली.

"लायल, गाडी सुरू करून दाखव."

"कशाला?" लायल एकदम मिशी चोळू लागला. "आज नाही. इंजिन... विश्रांती घेतंय."

"छुपी कळ कुठे आहे तिची?"

"ते गुपित आहे! मंडळाच्या नियमांत बसत नाही!"

"मी सचिव आहे. नियम मीच लिहिलेत. बरं, ती वही दे."

लायलने नाइलाजाने वही दिली. फ्रीडाने पहिलं पान उघडलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. एकसष्ट हजार चारशे सात. पुढचं पान. एकसष्ट हजार चारशे सात. अकरा वर्षं, दर शनिवारी, व्यवस्थित हस्ताक्षरात, एकच आकडा.

तिने हळूच वही मिटली. लायलने छताकडे पाहिलं.

"ज्याची गाडी त्याला सुरू करता येत नाही," ती मनाशी म्हणाली, "आणि कुणीतरी ती बावीस मैल हाकून आणून परत जागच्या जागी उभी करतो. इथे भलतंच पाणी मुरतंय."

४

आता राहिला बुटका ओझे. तो आपल्या विजेवरच्या भाड्याच्या गाडीत बसून अर्ज भरत होता.

"साहेब, सात ते नऊ कुठे होता?"

"या गाडीतच. हिचं दार उघडेना. दार कुठून उघडतात ते सांगणारं पुस्तक वाचत होतो."

"दोन तास?"

"दोन भाषांत होतं," ओझे खिन्नपणे म्हणाला.

"आणि जांभळी चालवायची म्हटली तर?"

"मॅडम, मी जुन्या गाड्यांवर सहाशे पानांचा प्रबंध लिहिलाय. पण ते तिसरं पेडल कशासाठी असतं, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही."

फ्रीडाने त्याचं नाव यादीतून खोडलं. यादी संपली. बुटकी माणसं संपली. ती परत जांभळीपाशी येऊन बसली. खुर्ची घेऊन, समोरासमोर, जशी हट्टी कुत्र्यासमोर टपालवाली बसते.

डावी खिडकी, चालवणाऱ्याची, घट्ट बंद. उजवी खिडकी पूर्ण खाली. आणि उजव्या दाराच्या काठावर बारीक पिवळ्या पाकळ्या. कनोला. मोहरीसारखं तेलबियांचं पीक, या दिवसांत शेतं त्याच्या फुलांनी पिवळीधमक झालेली. भरधाव जाणाऱ्या गाडीच्या वाऱ्याने त्या उडतात.

एकटा माणूस लांबची खिडकी उघडून स्वतःची बंद का ठेवेल?

एकटा नव्हताच. शेजारी कुणीतरी हात बाहेर टाकून बसलं होतं. उजवा हात.

तेवढ्यात डेल्मर समोरून गेला. लंगडत. दोन्ही गुडघ्यांनी.

"डेल्मर!"

"काय गं?"

"पायाला काय झालं?"

"वय," डेल्मर म्हणाला.

"काल तर नाचत होतास."

"रात्रीत आलं."

"बरं. आणि एक सांग, आजच्या न्याहारीला काय काय होतं?"

"पॅनकेक. मेपलचा पाक. लोणी."

"मग मला इतकंच सांग डेल्मर, पॅनकेकवर मस्टर्ड कोण घेतं?"

डेल्मरने आपल्या बाहीकडे पाहिलं. मग फ्रीडाकडे. मग, सव्वासहा फुटी देह जितक्या वेगाने नेता येईल तितक्या वेगाने, दोन्ही पायांनी लंगडत, तो दाराबाहेर पडला.

५

फ्रीडा त्याच्या मागे गेली नाही. एवढा मोठा माणूस लपून लपून जाणार कुठे? तिने आपली जुनी टपालाची गाडी काढली.

बावीस मैल, म्हणजे अकरा जायचे, अकरा यायचे. हॅडलिनभोवती दर मैलाला एक रस्ता, पाटीवरच्या चौकटींसारखा, आणि त्यातला प्रत्येक तिने चौतीस वर्षं झिजवलेला. दक्षिणेकडे अकराव्या मैलावर धरण. तिथे चिखल, चाकांवर तर कोरडी धूळ होती. पूर्वेकडे वाटेत नऊ घरं, आणि त्यातल्या मिसेस फ्रीझनने जांभळी गाडी पाहिली असती तर एव्हाना ती बातमी रेडिओवर आली असती. पश्चिमेला कनोला नाही, यंदा सगळी मसूर. उरली उत्तर. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, एकही घर नाही, आणि अकराव्या मैलावर युद्धकाळातलं ओसाड विमानतळ.

तिथे गाडी थांबवून ती उतरली. काँक्रीटच्या भेगांतून गवत वर आलं होतं. वारा सुसाट. फ्रीडा सोळा-सतरा वर्षांची असताना दर रविवारी इथे सगळा जिल्हा जमायचा. पोरं आपापल्या कापलेल्या, जोडलेल्या, रंगवलेल्या गाड्या शर्यतीला लावायची आणि पोरी टोप्या धरून उभ्या राहायच्या. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने याच धावपट्टीवर आपल्या मिटिओर गाडीचं चाक निखळवलं होतं, आणि निखळलेलं चाक सरळ तिच्या पायाशी येऊन थांबलं होतं. लग्न ठरायला तेवढं पुरलं.

ती पट्टीच्या मध्यावर गेली आणि उभीच राहिली.

काँक्रीटवर दोन काळेभोर ताजे पट्टे होते. टायर जळल्याचे. चाळीस फूट लांब, आणि शेवटी डावीकडे एक झोकदार वळण. ते वळण तिने पूर्वी पाहिलं होतं. आख्ख्या जिल्ह्यात तसं एकच माणूस मारायचा.

"अगं बाई," फ्रीडा मोठ्याने म्हणाली. ऐकायला टोळांशिवाय कुणी नव्हतं.

परतीच्या अकरा मैलांत तिला एकच प्रश्न छळत होता. सांगायचं की नाही? गप्प बसलं तर काय बिघडणार होतं?

पण ती रिंकमध्ये शिरली तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती, आणि बुटकं दुसरं कुणी न सापडल्याने लायल कागदावर लिहीत होता: "हाल्या हावरिलुक हिला मंडळातून व स्वयंपाकघरातून कायमची बंदी."

६

"फाड तो," फ्रीडा म्हणाली. "हाल्या नव्हती."

जांभळीभोवती सगळे जमले होते. कमिटी, ओझे, एप्रन बांधलेली हाल्या, आणि वृद्धाश्रमाची मंडळी ऊन टाळायला आत आणून बसवलेली. बोलायला फ्रीडाने तोंड उघडलं, तोच दारातून डेल्मर पुढे आला.

"मी नेली," तो म्हणाला. "माझ्याच किल्लीने. काल संध्याकाळी दोन तास इंजिन साफ केलं, पेट्रोल घातलं, आणि आज मीच चालवली. एकट्याने. टाका मला बाद."

"एकट्याने?" फ्रीडाने विचारलं.

"एकट्याने."

"मग बस स्टीअरिंगमागे. सीट हलवायची नाही."

डेल्मरने दार उघडलं. आधी एक पाय घातला, मग डोकं, मग दुसरा पाय हाताने उचलून. शेवटी त्याने श्वास रोखून पोट आत घेतलं आणि बसला. मग त्याला श्वास सोडावा लागला. पोट स्टीअरिंगवर आलं आणि भोंगा वाजू लागला. तो थांबेचना. ओझेने कानांवर हात ठेवले. चार जणांनी ओढून डेल्मरला बाहेर काढेपर्यंत निम्मं गाव आत जमा झालं होतं.

"आता ऐका," फ्रीडा म्हणाली. "डेल्मर गाडीत होता, पण उजव्या बाजूला. हात खिडकीबाहेर, म्हणून बाहीवर कनोलाचे पिवळे डाग. गुडघे समोर आपटत होते, म्हणून लंगडतो. सीट मागे घेता येत नव्हती, कारण चालवणारा बुटका. बुटका, आणि भर जुलैत थंडी वाजते म्हणून स्वतःची खिडकी बंद ठेवणारा. आणि ज्याला छुपी कळ ठाऊक आहे असा. असा माणूस जगात एकच आहे."

हाल्याने तोंडावर हात ठेवला. "तातो?"

घोंगडीखालून एक बारीक, चिरका आवाज आला. "क्लच जड झालाय."

सगळे वळले. ओरेस्ट हावरिलुक टक्क जागा होता.

"आणि तिसरा गिअर अडकतो," म्हातारा पुढे म्हणाला. "गाडी उभी ठेवून ठेवून सांधे धरलेत तिचे. माझ्यासारखे. कोण हा गाढव, जो हिला फिरवत नाही?"

लायलचा चेहरा जांभळीच्या रंगाचा झाला. "त्यांना लायसन्स नाही! एकोणनव्वद वर्षांचे आहेत ते! डेल्मर, तुला अक्कल आहे का?"

"नाही," डेल्मर म्हणाला. "पण मला वेल्डिंग यांनी शिकवलं. उद्या ती काचेच्या पेटीत जाणार. म्हातारबाने घडवलेली, आणि पन्नास वर्षांत एकदाही आत बसायला मिळालं नाही. सकाळी वृद्धाश्रमातून यांना न्याहारीला आणायचं काम माझंच होतं. मी आपलं रिंकभोवती एक चक्कर मारू म्हटलं होतं. त्यांनी एकदम उत्तरेला वळवली. मी काय करणार? माझे तर गुडघे कानाशी!"

"पण सुरू कशी केलीत?" लायल ओरेस्टसमोर जाऊन उभा राहिला. आवाजातला अध्यक्ष गळून पडला होता. "मी अकरा वर्षं... सगळं करून बघितलं. कुणाला विचारायची लाज वाटली. अध्यक्ष ना मी." तो खाली बसला. "आणि सुरू झाली असती तरी काय? स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मला टाकता येत नाही."

कुणीतरी हसणार होतं. फ्रीडाने त्याच्याकडे असं पाहिलं, की हसू घशातच मेलं.

ओरेस्टने लायलकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"राखदाणी अर्धी ओढ," तो म्हणाला. "पुरती नाही. अर्धी. क्लच तळापर्यंत. मग राखदाणीच्या मागे बोट घाल."

लायल आत बसला. त्याने राखदाणी अर्धी ओढली, मागे बोट घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जांभळी खाकरली, शिंकली, आणि छपराचे पत्रे हलतील अशी गरजली.

ओझे धावत पुढे आला. "मिस्टर ब्रॅडॉक! सही! बारा वाजले!"

"काय?" लायल ओरडला. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याला ऐकायचंही नव्हतं. त्याने पहिला गिअर टाकला, गाडी एक हात उडी मारून बंद पडली, आणि मिशांतून पाणी गळत असतानाच तो म्हणाला, "नाही देत, साहेब. माफ करा. अजून मला ती चालवता कुठे येतेय?"

७

कुणी बाद झालं नाही. ओझेने डेल्मरला फार्गो संग्रहालयाला देण्याबद्दल विचारलं, तेव्हा डेल्मर ट्रकसमोर आडवा झोपला आणि हाल्याने त्याच्या तोंडात पॅनकेक कोंबेपर्यंत उठला नाही. ओझे शेवटी टोळांचे फोटो काढून परत गेला.

त्यानंतरच्या शनिवारी फ्रीडा वृद्धाश्रमात रूबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री द्यायला गेली. पायऱ्यांसमोर जांभळी उभी होती, नाकावर नव्या टोळांचा थर. लायलने टाय लावला होता. हाल्याने बापाला कोटात गुंडाळून, हाताला धरून बाहेर आणलं.

ओरेस्ट पायरीवर थांबला. त्याने लायलकडे पाहिलं. ओळख पटली नाही. मग गाडीकडे पाहिलं, आणि टपावरून नजर अशी फिरवली, जशी शेतकरी दुसऱ्याच्या घोड्यावरून फिरवतो.

"टप कापणारा हुशार होता," तो म्हणाला. "तू कोण रे?"

हाल्याने मान फिरवली. लायलने टाय सरळ केला.

"तुमचा ड्रायव्हर, साहेब."

"गिअर टाकता येतो?"

लायल खोटं बोलू शकला असता. आख्खा आठवडा त्याने डेल्मरच्या अंगणात सराव केला होता, आणि डेल्मरचं मोडलेलं कुंपण त्याची साक्ष देत होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग सरक तिकडे," ओरेस्ट हावरिलुक म्हणाला, आणि वॉकर हाल्याच्या हातात देऊन स्टीअरिंगमागे बसला.

फ्रीडा मंडळाची सचिव होती, नियम तिनेच लिहिलेले होते. ती पेस्ट्रीची ताटली सांभाळत, गाडीकडे पाठ फिरवून आभाळातले ढग मोजू लागली.